बीकेसी आणि ऐरोली, दोन्ही गाठायचं तर भाड्याचं घर कुठे? मुलुंड, घाटकोपर की चेंबूर

दोन_पास

नमस्कार मंडळी. नवऱ्याचं ऑफिस बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुल), माझं ऐरोलीला स्टेशनजवळ. त्याला साडेनऊला पोचायचं असतं, मला दहाला. संध्याकाळी दोघंही साडेसहा-सातला सुटतो. घरात सासूबाई आहेत (गुडघे दुखतात, जिना जमणार नाही) आणि मुलगी जूनमध्ये पहिलीत जाईल. टू बीएचके हवं, भाडं ५०,००० पर्यंत, डिपॉझिट २ लाखांपर्यंत. गाडी नाही आणि घ्यायचीही नाही.

डोक्यात मुलुंड, घाटकोपर आणि चेंबूर-टिळकनगर आहे. एजंट विक्रोळीचं कन्नमवार नगर दाखवतोय, तेवढ्याच भाड्यात खोल्या मोठ्या मिळतात म्हणे. कुठलं उपनगर छान असं विचारलं की जो तो आपलंच नाव घेतो, म्हणून ते विचारत नाही. कुठे काय नडतं तेवढं सांगा.

स्लो_लोकल

प्रवासाचे तीन तुकडे पाडा: घर ते स्टेशन, गाडी, स्टेशन ते ऑफिस. गाडीची मिनिटं सगळेच मोजतात. जीव जातो तो पहिल्या आणि तिसऱ्या तुकड्यात.

बीकेसीचा तिसरा तुकडा सगळ्यात वाईट. कुर्ला पश्चिमेला उतरलं की शेअर रिक्षा आहेत, बेस्टच्या बस आहेत, पण सकाळी साडेआठ ते दहा रांगेला शेवट नसतो आणि पाऊस लागला की रिक्षा गायब. अंतर तीन-साडेतीन किलोमीटर, वेळ मात्र वीस मिनिटांपासून पाऊण तासापर्यंत काहीही. म्हणून मध्य रेल्वेवरच्या माणसाने आता दुसरी वाट धरावी. घाटकोपरला उतरायचं, मेट्रो १ ने चौथं स्टेशन मरोळ नाका, तिथे मेट्रो ३ पकडायची, सहावं स्टेशन बीकेसी. नकाशावर वळसा दिसतो, पण रोज तेवढाच वेळ लागतो. मरोळ नाक्याला एक मार्ग डोक्यावर आणि दुसरा जमिनीखाली, त्यामुळे गाडी बदलायला सात-आठ मिनिटं वेगळी धरा.

तुमचं गणित उलटं आहे. ठाण्याहून ट्रान्सहार्बरने दिघा गाव आणि मग ऐरोली, दोनच स्टेशनं. म्हणजे ठाण्याच्या जितकं जवळ तितकं तुम्हाला सोपं, आणि घाटकोपरच्या जितकं जवळ तितकं त्यांना. मुलुंडहून ठाणे एकच स्टेशन, तेही सकाळच्या गर्दीच्या उलट दिशेला, त्यामुळे डब्यात शिरता तरी येतं. ठाण्याला ट्रान्सहार्बरचे फलाट ९-१० कडेला आहेत, पूल चढून जावं लागतं. उतरल्यावर पूल समोर येईल असा डबा धरा, नाहीतर गर्दीत पाच मिनिटं जातात आणि समोरची गाडी सुटते.

मुलुंडहून नवऱ्याला स्लो लोकल. ठाण्याहून सुटणाऱ्या स्लोला मुलुंड दुसरंच स्टेशन, बसायला क्वचित मिळेल, आत उभं राहायला नक्की. फास्टच्या नादी लागू नका, मुलुंडला सगळ्या थांबत नाहीत आणि कल्याणकडून येणारी जी थांबते ती दारापर्यंत भरलेली असते.

चेंबूर दोघांनाही अर्धवट. त्यांना हार्बरने कुर्ला, म्हणजे पुन्हा तीच रिक्षाची रांग. तुम्हाला हार्बरने वाशी, मग गाडी बदलून सानपाडा, तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, रबाळे, ऐरोली. वाशीहून ठाण्याकडे जाणाऱ्या गाड्या मोजक्या, एक चुकली की फलाटावर ताटकळायचं. चेंबूर राहायला सुरेख आहे, तुमच्या दोन ऑफिसांसाठी नाही.

आता पहिल्या तुकड्याचा हिशोब. फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये. दोघं माणसं, वेगवेगळ्या वेळी निघणार, जाऊन-येऊन चार फेऱ्या: दिवसाला १०४. महिन्याचे २४ दिवस धरले तर २,४९६. म्हणजे स्टेशनपासून लांबचं घर अडीच हजारांनी स्वस्त मिळालं तर ते स्वस्त नाहीच, वर रिक्षावाल्याचं 'नही जायेगा' फुकट.

मेट्रोमार्गे

वरच्या उत्तरात एक भर. मेट्रो १ च्या गाड्या चारच डब्यांच्या आहेत, मेट्रो ३ आठ डब्यांची. सकाळी हे फारसं जाणवत नाही, कारण घाटकोपर हे सुरुवातीचं स्टेशन. एक गाडी सोडली की पुढच्या गाडीत दाराजवळ न चेंगरता उभं राहता येतं. खरी परीक्षा संध्याकाळी. मरोळ नाक्याला गाडी अंधेरीहून भरून येते, मेट्रो ३ मधून वर आलेली माणसं त्याच चार डब्यांसमोर उभी राहतात. दोन गाड्या सोडाव्या लागल्या तर नवल मानू नका. मुलुंडला राहणारा माणूस तिथून घाटकोपरला येतो आणि परत भरलेल्या लोकलसमोर उभा राहतो. घाटकोपर पूर्वेला घर असेल तर ही शेवटची लोकल गळते.

म्हणून नवऱ्याचा प्रवास जास्त त्रासाचा मानत असाल तर घाटकोपर पूर्व, तुमचा मानत असाल तर मुलुंड पूर्व. मेट्रोचं स्टेशन रेल्वेच्या पश्चिम अंगाला आहे, पूर्वेकडून पूल ओलांडून जायचं. घर पूर्वेलाच बघा: टिळक रोड, राजावाडी, पंतनगर, गारोडिया नगर. राजावाडीत महापालिकेचं मोठं रुग्णालय आहे, वयस्कर माणूस घरात असताना ते जवळ असलेलं बरं. पश्चिमेला असल्फ्याकडची वस्ती टेकडीवर चढत जाते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ती दाखवूही नका.

चुकून कोणी सांगेल की बीकेसीहून मेट्रो ३ ने दादरला जा आणि तिथून लोकल पकडा. मेट्रोचं दादर रेल्वेच्या दादरला लागून नाही, भर बाजारातून चालत जावं लागतं.

विमानांचा आवाजही ऐकून घ्या. मुख्य धावपट्टीवर पूर्वेकडून उतरणारी विमानं घाटकोपर-कुर्ल्याच्या डोक्यावरून खाली येतात. काही गल्ल्यांत फोनवरचं बोलणं थांबवावं लागतं, दोन गल्ल्या सोडून गेलं की सुसह्य. खिडकी उघडी ठेवून पंधरा मिनिटं घरात बसा, कळेल.

दोन_पास

चार डब्यांचा मुद्दा कोणीच सांगितला नव्हता, आभार. मुलुंड पूर्वच का, पश्चिम का नाही? आणि कन्नमवार नगरबद्दल कोणी काही बोलेना.

पंपहाऊस

मुलुंड पश्चिम मोठं आहे, दुकानं-दवाखाने भरपूर, पण पसरलेलं आहे. स्टेशनजवळ परवडलं तर जरूर घ्या. वैशाली नगर, योगी हिल्स म्हटलं की रोज रिक्षा, आणि आडवा एलबीएस मार्ग. त्यावर मेट्रो ४ चं काम चालू आहे. एजंट तिचा नकाशा दाखवून भाडं वाढवेल. न धावणाऱ्या मेट्रोचे पैसे देऊ नका. पूर्व बाजू रेल्वे आणि पूर्व द्रुतगती महामार्ग यांच्यामध्ये आटोपशीर आहे, बऱ्याच भागांतून स्टेशन दहा-पंधरा मिनिटं चालत. शिवाय महामार्गावरून ऐरोली पुलाकडे जाता येतं, गाड्या बंद पडल्या त्या दिवशी तुमची ती पळवाट.

कन्नमवार नगर महामार्गाच्या पलीकडे, खाडीच्या बाजूला. विक्रोळी स्टेशन चालत जाण्याजोगं नाही, बस किंवा रिक्षा. आणि कांजूरची कचराभूमी शेजारी. दुपारी घर बघायला गेलात तर वास येणारच नाही, कारण दिवसा वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो आणि वास खाडीकडे जातो. रात्री जमीन लवकर थंड होते, वारा उलटतो, कचराभूमीवरून थेट वस्तीकडे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जास्त. म्हणून ते घर रात्री दहा-अकराला जाऊन बघा, एजंटला न सांगता. चेंबूरलाही हेच लागू: एका अंगाला देवनारची कचराभूमी, दुसऱ्या अंगाला माहुलच्या रिफायनऱ्या. मुलुंड पूर्वेच्या कचराभूमीवर नवा कचरा टाकणं २०१८ मध्ये थांबलं, तरी हरी ओम नगरच्या त्या टोकाला घर असेल तर रात्रीची एक चक्कर मारा.

आता पाणी तुंबण्याचं. जोराचा पाऊस आणि ४.५ मीटरच्या वरची भरती एकत्र आली की समुद्राचं पाणी नाल्यांतून उलटं आत येऊ नये म्हणून तोंडाशी दरवाजे बंद करतात, मग पंप उपसतील तेवढंच पाणी बाहेर जातं. अशा भरतीच्या तारखा महापालिका पावसाळ्याआधीच जाहीर करते. पण घर घेताना 'या भागात पाणी भरतं का' हा प्रश्न कुचकामी आहे, कारण एकाच रस्त्यावरच्या दोन सोसायट्यांचं उत्तर वेगळं असतं. इमारतीतच बघा:

विजेचे मीटर जिन्याखाली जमिनीलगत आहेत की छातीइतक्या उंचीवर? ज्या सोसायटीने पेटी वर उचलून घेतली तिने पाणी पाहिलेलं आहे. कंपाऊंडच्या भिंतीवर रंगाखालून एकाच उंचीवर गेलेली मळकट रेघ दिसते का? तळमजल्यावरच्या दुकानांनी उंबऱ्याला विटांचा बांध घातलाय का? लिफ्टच्या खड्ड्यात उपशाचा पंप आहे का, हे वॉचमनला विचारा. पार्किंग खड्ड्यातलं असेल तर पाणी आधी तिथे शिरतं आणि लिफ्ट बंद पडते. तुम्हाला गाडी नसली तरी सासूबाईंना लिफ्ट लागते.

आणि हल्लीची नवी भानगड: रस्ता काँक्रीटचा झाला की कधी कधी तो उंच होतो आणि जुन्या सोसायटीचं आवार खाली राहतं. गेटमधून आत शिरताना उतार आतल्या बाजूला असेल तर रस्त्याचं पाणी कुठे जाणार ते दिसतंच आहे. वीस वर्षं पाणी न भरलेल्या इमारतीत ते पहिल्यांदा असं भरतं. म्हणून 'आमच्याकडे कधीच भरत नाही' हे उत्तर रस्ता कधी झाला ते विचारून मगच खरं माना.

रेल्वेचं म्हणाल तर मध्य मार्गावर शीव-कुर्ला आणि भांडुप-नाहूर या पट्ट्यांत रुळांवर पाणी येतं. ८ जुलै २०२४ ला दोन्हीकडे आलं होतं. अशा दिवशी मुलुंडहून ठाणे-ऐरोली सहसा जमतं, बीकेसी नाही. घाटकोपरहून उलट, मेट्रोने बीकेसी गाठता येतं, ठाणे नाही.

नळाचं पाणी महापालिका ठरावीक वेळेतच सोडते, बाकी दिवसभर टाकीवर. माणशी १३५ लिटर धरलं तर तुम्हा चौघांना दिवसाला ५४० लिटर. सेक्रेटरीला दोनच प्रश्न: पाणी किती वाजता येतं, आणि गेल्या मे महिन्यात टँकर किती आले. दुसऱ्याला 'कधीतरी' असं उत्तर मिळालं तर हिशोबाची वही मागा. ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) नसलेली इमारत असेल तर पाण्याची पट्टी चढ्या दराने बसते आणि ती मेंटेनन्समधून फिरून भाड्यात येते.

वीज: मुलुंडला महावितरण, घाटकोपर-चेंबूरला अदानी किंवा टाटा. घरमालकाकडून मे महिन्याचं बिल मागून घ्या, युनिटचा दर त्यावरच छापलेला असतो.

करारनामा

घर पसंत पडल्यावर लोक जिथे फसतात ते सांगतो.

घाटकोपर, मुलुंड, टिळकनगर, तिन्हीकडे जुन्या सोसायट्यांचा पुनर्विकास जोरात आहे. भाडं बाजारापेक्षा कमी वाटलं की पहिला प्रश्न: सोसायटीची ७९-अ ची (पुनर्विकासासाठी विकासक निवडायची) सभा झाली का, विकासक नेमला का? विकासक नेमलेला असेल तर करार दोन वर्षांचा असला तरी तुम्हाला आठव्या महिन्यात सामान बांधावं लागू शकतं, आणि मुलीची शाळा नेमकी मध्यावर. तरीही घ्यायचं असेल तर करारात ओळ घाला: पुनर्विकासासाठी जागा रिकामी करायची झाल्यास ६० दिवसांची लेखी सूचना, डिपॉझिट चावीच्या दिवशीच परत, लॉक-इन (मुदतीआधी घर न सोडण्याची अट) लागू नाही. शेजारच्या भूखंडावर पत्रे लागलेत का तेही बघा. पाइलिंग सुरू झालं की दिवसभर घर हादरतं, म्हाताऱ्या माणसाला ते सगळ्यात जास्त भोवतं.

इमारत तीस वर्षांपुढची असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. अहवालातला वर्ग विचारा. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२ असेल तर दुरुस्ती, म्हणजे बांबूच्या परांच्या आणि महिनोन्महिने हिरवी जाळी खिडकीवर.

'अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही' ही मुंबईतली सर्वात लाडकी थाप. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५: लिव्ह अँड लायसन्स (म्हणजे हाच भाड्याचा करार) लेखी आणि नोंदणीकृतच हवं, जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर वाद झाल्यावर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत. घरमालक टाळाटाळ करू लागला तर त्याला हे वाक्य ऐकवा, लगेच तयार होतो.

मुद्रांक शुल्क काढायला एजंट लागत नाही. संपूर्ण मुदतीचं भाडं, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के, या बेरजेच्या ०.२५ टक्के. तुमचे आकडे: ५०,००० गुणिले २४ म्हणजे १२ लाख. २ लाखांवर दोन वर्षांचे ४०,०००. एकूण १२,४०,०००, त्याचे ०.२५ टक्के ३,१०० रुपये. नोंदणी शुल्क शहरात १,०००. एजंट 'रजिस्ट्रेशनचे पंधरा हजार' म्हणाला की हे त्याच्यासमोर कागदावर मांडा.

बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून लागणारं) सोसायटी घरमालकाकडून घेते, सेवाशुल्काच्या जास्तीत जास्त १० टक्के. तुमच्याकडून 'सोसायटीचे भाडेकरू चार्जेस' म्हणून वेगळं कोणी मागत असेल तर लेखी मागा. आणि भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायची असते, ती ऑनलाइन होते. त्याची पोच जपून ठेवा, सोसायटी सामान आत घेताना तीच मागते.

खिडकीची_सीट

शाळेचं कोणी बोललं नाही. शाळा आणि घर रुळांच्या एकाच बाजूला हवं. मुलीला आणायला आजी जाणार असतील तर पूल चढणं रोजचं होईल, आणि स्टेशनची लिफ्ट नेमकी दुपारी बंद असते. प्रवेश आधी पक्का करा, मग त्या शाळेच्या दहा मिनिटांच्या आत घर शोधा. उलटं केलंत तर स्कूलबसचे पैसे आणि पहाटेची धावपळ दोन्ही गळ्यात.

लिफ्ट आहे एवढ्यावर थांबू नका. जुन्या इमारतींत लिफ्ट मागाहून बसवलेली असते आणि ती अर्ध्या जिन्यावर थांबते, म्हणजे वर-खाली सात-आठ पायऱ्या राहतातच. जमिनीवरून लिफ्टच्या दारापर्यंतच्या पायऱ्याही मोजा. म्हाडाच्या जुन्या चार मजली इमारतींत बहुतेक ठिकाणी लिफ्टच नाही, तिथे फक्त तळमजला, आणि मग वर पंपहाऊस यांनी सांगितलेली मीटरची पेटी आधी.

घर बघायला रविवारी जाऊ नका. मंगळवारी-बुधवारी सकाळी सव्वाआठला त्या इमारतीच्या गेटपासून नवऱ्याने ऑफिसच्या खुर्चीपर्यंत घड्याळ लावून जावं, आणि संध्याकाळी तसंच परत यावं. तुम्ही ऐरोलीचं तसंच करा. दोन्ही वेळा लिहून ठेवा, ज्याची संध्याकाळची वेळ सकाळपेक्षा वीस मिनिटांनी जास्त भरेल त्याच्या सोयीला झुकतं माप द्या.

दोन_पास

मुलुंड पूर्वेला स्टेशनजवळच्या दोन इमारती आणि घाटकोपरला राजावाडीची एक, एवढ्या तीनच ठेवल्यात. कन्नमवार रात्री बघून आलो, वगळलं. एक विचारायचं राहिलं. आमच्याकडे आठवड्यातून तीनदा मासे शिजतात.

मेट्रोमार्गे

हे पहिल्याच फोनवर सांगा, घर बघायला जायच्या आधी. घाटकोपर आणि मुलुंड, दोन्हीकडे अशा सोसायट्या आहेत जिथे घरमालकाची हरकत नसते आणि कमिटी अडून बसते. नियम म्हणून कागदावर कोणी लिहून देत नाही, फक्त ना-हरकत पत्राला उशीर होत राहतो आणि तोवर तुमचं टोकन अडकलेलं असतं. 'फॅमिली आहे ना, मग काही प्रॉब्लेम नाही' हे एजंटचं उत्तर धरू नका. घरमालकाशी थेट बोला, 'नॉनव्हेज चालेल, कमिटीला माहीत आहे' एवढं व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या आणि मगच टोकन. राजावाडीच्या इमारतीत वॉचमनला विचारा की कोळीण कुठल्या मजल्यापर्यंत येते.